मुलांना मुंबई दाखवितांना

दिवाळीची असो वा उन्हाळ्याची असो, शाळेला सुटी लागली कीं महाराष्ट्राच्या गांवोगांवाहून मुलें मुंबईच्या वाटेला लागतात. कोणाचा मामा परळच्या चाळींत राहतो, कोणाची आत्या डोंबिवलीला असते, तर कोणाच्या काकांनीं नोकरीनिमित्त नुकतेंच ठाण्याला बिऱ्हाड केलेलें असतें. पाहुण्यांचें आगतस्वागत होतें, रात्रींचीं जेवणें आटोपतात, आणि मग वडील मंडळी बैठक जमवून उद्यांच्या दिवसाची यादी करूं लागतात. गेटवे ऑफ इंडिया, म्यूझियम, राजाबाई टॉवर, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, महालक्ष्मी, हाजीअली, वरळीचा सागरी सेतु, सिद्धिविनायक, आणि वेळ उरलाच तर एखाद्या सिनेनटाचा बंगला, अर्थात् बाहेरून. ही सारी मुंबई सकाळीं आठ ते रात्रीं आठ एवढ्या वेळांत उरकावयाची असते. ‘उरकणें’ हा शब्द अशा वेळीं घरोघर ऐकूं येतो, आणि या सहलींचें खरें वर्णन तोच करतो.

आठवड्यानें गांवीं परतल्यावर शेजारीपाजारी मुलाला विचारतात, “काय काय पाहिलेंस रे मुंबईला?” मूल सांगतें, मामाच्या इमारतींतल्या लिफ्टला जाळीचें दार आहे आणि तें मला ओढूं दिलें, एका कोळणीनें बर्फावर मासे मांडून ठेवले होते, आगगाडींत एक माणूस उभ्या उभ्या झोंपला होता. आणि गेटवे? “हो, तेथें माझ्या चपलेचा अंगठा तुटला.” बापाला वाईट वाटतें. टॅक्सीचे पैसे पाण्यांत गेले असें त्याच्या मनांत येतें. परंतु मुलानें कांहीं खोटें सांगितलेलें नसतें. जें हाताला लागलें, जेथें घटकाभर थांबावयास मिळालें, जेथें आपला प्रश्न कोणी ऐकून घेतला, तेवढीच मुंबई त्याच्या वांट्याला आलेली असते.

जुन्या पिढींतील माणसें मुलांना मुंबई दाखवीत तेव्हां त्यांची रीत निराळी होती. एका दिवशीं एकच ठिकाण पाहावयाचें. सकाळीं उन्हापूर्वीं निघावयाचें. डब्यांत दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लोणच्याची फोड. बरोबर फिरकीचा तांब्या. आणि प्रत्येक मुलाच्या मुठींत एक नाणें, तें कसें खर्चावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. यामागें बालमानसशास्त्राची कांहीं उपपत्ति होती असें समजूं नये. खिशांत पैसे बेताचे होते, एवढेंच कारण. परंतु टंचाईनें शिकविलेली ती रीत मुलाच्या स्वभावाशीं नेमकी जुळत असे, आणि हातीं पैसा खेळूं लागला तशी ती मोडत गेली. ती पुन्हां उचलण्यासारखी आहे. कारण तिला लागणाऱ्या बहुतेक वस्तु मुंबईंत अजून शिल्लक आहेत.

त्या सहलीला मुक्काम गांठेपर्यंत थांबावें लागत नसे. वाहनांत पाय ठेवला कीं ती सुरू झालेली असे. मुंबईंत घोड्यांनीं ओढलेली ट्राम १८७४ सालीं आली, विजेवरची १९०७ सालीं, आणि दुमजली ट्राम १९२० सालीं. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि ती खडखड कायमची थांबली. रूळ गेले, तारा गेल्या, नांव मात्र चिकटून राहिलें आहे. दादरच्या चौकाला लोक अजून ‘दादर टी. टी.’ म्हणतात, आणि तीं दोन अक्षरें ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत हें म्हणणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांतहि नसतें. मुलाला तेथें उभें करून ही हकीकत सांगावी. वस्तु नाहींशी होऊन तिचें नांव कसें उरतें, याचा मुलांना मोठा अचंबा वाटतो.

दुमजली बस १९३७ सालीं सुरू झाली. डिझेलवर चालणाऱ्या तिच्या जुन्या बहिणी सप्टेंबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेल्या, आणि त्याच वर्षीं विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या. खिडकी उघडून तोंडावर वारा घेण्याची सोय आतां राहिली नाहीं, ही उणीव खरी. पण वरच्या मजल्यावरचें अगदीं पुढचें बांक आहे, आणि तेथें बसलेल्या मुलाला आपणच गाडी हांकीत आहों असें वाटतें, हेंहि पूर्वींप्रमाणेंच आहे. त्या बांकासाठीं एक-दोन गाड्या सोडून द्याव्या लागल्या तरी सोडाव्यात. सुटीच्या दिवसांत घाई मुलाला नसते. ती बरोबरच्या मोठ्या माणसाला असते, आणि तिचें कारण विचारलें तर त्याला सांगतां येत नाहीं.

व्हिक्टोरिया नांवाची घोडागाडी मात्र गेली, आणि तिच्यासाठीं फार हळहळण्याचें कारण नाहीं. हौसेखातर चालणाऱ्या या गाड्या मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविल्या. ज्यांनीं मे महिन्याच्या दुपारीं डांबरी रस्त्यावर उभा असलेला घोडा जवळून पाहिला असेल त्यांना हा निर्णय पटल्यावांचून राहणार नाहीं. जुनें तें सर्वच सोनें असतें असें नाहीं.

बोरीबंदरच्या स्टेशनाला १८८७ सालीं पुरें झालेली जी इमारत लाभली आहे, तिच्याकडे तर रोजचा प्रवासी मान वर करून पाहतहि नाहीं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस वाघ बसलेला आहे. भिंतींवर मोर आहेत, इतर पशुपक्षी आहेत, दगडी पानाफुलांची तर गणतीच नाहीं. यांतील पुष्कळसें काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें आहे. “किती प्राणी सांपडतात तें मोज पाहूं,” एवढें सांगून मुलाला समोरच्या पदपथावर, रहदारीपासून आंत, मोकळें सोडावें. अर्धा तास कोठें गेला तें कळणार नाहीं, आणि पैहि खर्च होणार नाहीं.

आतां घारापुरी आणि राणीचा बाग यांविषयीं थोडें विस्तारानें सांगावयास हवें, कारण या दोन सहलींची एक गांठ आहे आणि ती क्रमानें सोडविली तर मुलाला फार आनंद होतो. आधीं जावें तें घारापुरीला. गेटवेपासून लाँचनें सुमारें तासाभराचा प्रवास आहे. देशावरच्या ज्या मुलानें समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकांत पाहिला आहे, त्याला हा एक तासच पुरेसा असतो. किनारा मागें सरकत जातो, मोठीं जहाजें घराएवढीं होत जवळ येतात, हिवाळ्यांत पांढरे कुरव पक्षी लाँचीमागें उडत येतात. बेटावर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत एक चिमुकली आगगाडी आहे, ती मुलाला लेण्यांपेक्षांहि अधिक आवडली तर त्याच्यावर रागावूं नये. लेण्यांत गेल्यावर सुमारें २० फूट उंचीची ती त्रिमूर्ति समोर येते तेव्हां एरवीं सतत बडबडणारें मूलहि गप्प होतें. त्या वेळीं माहिती सांगण्याची घाई करूं नये. तें स्वतः होऊन विचारील तेव्हां सांगावें.

मात्र एक प्रश्न त्याच्यापुढें टाकून ठेवावा. या बेटाला ‘एलिफंटा’ हें नांव पोर्तुगीजांनीं दिलें, तें येथें असलेल्या एका भल्या मोठ्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती येथें दिसत नाहीं. मग तो गेला कोठें? उत्तर त्या दिवशीं सांगूं नये. परतीच्या लाँचींत, घरीं, रात्रीं अंथरुणावर मूल पुनःपुन्हां विचारील. तरी सांगूं नये.

दोन दिवसांनीं भायखळ्याला राणीच्या बागेंत जावें. कागदोपत्रीं याचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तो १८६२ सालीं खुला झाला. लोक तेथें पिंजऱ्यांतील प्राणी पाहण्यासाठीं जातात आणि २०१७ पासून पेंग्विन पाहण्यासाठीं रांगा लावतात. एकेकाळीं तेथें जिवंत हत्तीच्या पाठीवर बसून फेरी मारतां येत असे. त्या फेरीची आठवण सांगणारे आजोबा अजून घरोघर सांपडतील. परंतु बागेंतील सर्वांत थोर हत्ती निराळाच आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारीं उभा आहे, आणि तो दगडाचा आहे. १८६४ सालीं इंग्रजांनीं हा हत्ती विलायतेला नेण्याच्या इराद्यानें घारापुरीहून उचलण्याचा प्रयत्न केला. उचलतांना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणून ठेवण्यांत आले, आणि पुढें १९१४ सालीं ते जुळवून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. ज्या मुलाला दोन दिवस त्या प्रश्नानें छळलें आहे तें त्याच्याकडे धांवत जातें, सांधे शोधतें, तुकडे मोजतें. चार दिवसांपूर्वीं ज्या हत्तीजवळून तें मुकाट पुढें गेलें असतें, तोच आतां त्याच्या ओळखीचा झालेला असतो.

तशीच दुसरी एक जोडी आहे. म्यूझियमकडे जातांना ‘काळा घोडा’ नांवाचा भाग लागतो. तेथें घोडा आहे, पण घोड्यावर स्वार नाहीं. हा घोडा २०१७ सालीं बसविलेला. मूळच्या घोड्यावर तेव्हांचे युवराज आणि पुढचे सातवे एडवर्ड बसलेले होते; ससून घराण्यांतील एका धनिकानें दिलेला तो पुतळा १८७९ पासून तेथें होता. स्वातंत्र्यानंतर, १९६५ सालीं, तो तेथून हलविण्यांत आला. तो राजा आपल्या घोड्यासह गेला कोठें, याचा शोध मुलानें त्याच राणीच्या बागेंत करावा. स्वातंत्र्याचा इतिहास शाळेंत तारखांनीं शिकवितात. राजाला त्याच्या चौकांतून उचलून बागेंत नेऊन ठेवलें, ही गोष्ट मात्र एका दृष्टिक्षेपांत कळते.

१८७२ सालीं उघडलेलें तें भाऊ दाजींच्या नांवाचें संग्रहालयहि टाळूं नये. वीतभर उंचीच्या मातीच्या आकृति तेथें आहेत: निरनिराळ्या जातींचे, व्यवसायांचे आणि पोशाखांचे लोक. मोठ्या म्यूझियममध्यें मूल लवकर कंटाळतें. येथें सगळें त्याच्या मापाचें असतें. खालीं वांकून, नाक कांचेला टेकवून तें पाहत राहतें. पागोट्यांचे प्रकार किती होते हें त्याच्या आईबापांनाहि येथेंच प्रथम समजतें.

या बागेचा विषय निघाला आहे तर पैशाची गोष्ट बोलून टाकणें बरें. भायखळा-लालबाग-परळ हा गिरण्यांचा टापू. गिरणीच्या पाळ्यांत आठवडा काढणाऱ्या माणसाला मुलांचा हात धरून जाण्याजोगें जें ठिकाण चालत्या अंतरावर होतें, तें हें. २०१७ सालीं येथील प्रवेशशुल्क मोठ्यांसाठीं ५ रुपयांवरून ५० आणि मुलांसाठीं २ रुपयांवरून २५ करण्यांत आलें. आईबाप व दोन मुलें अशा कुटुंबाला १०० रुपयांचें एक तिकीट ठरलें. पूर्वीं याच चौघांना १४ रुपये पडत. प्राण्यांची निगा राखावयाची तर खर्च येणारच, हें खरें. आणि बाजारांतील झगमगीत क्रीडागृहांत एका मुलाच्या तासाभराच्या उड्या मारण्याला याहून अधिक पैसे जातात, हेंहि खरें. परंतु तुलना त्या क्रीडागृहांशीं करावयाचीच नसते. नगरपालिकेची बाग ही त्या घरांतल्या मुलासाठीं असते जें क्रीडागृहाच्या दारापर्यंतहि जात नाहीं. दोन मुलांच्या घरांत तिसरें मूल असलें, किंवा गांवाहून भाचरें आलीं, कीं शंभराहून अधिक होतात, आणि मजुरी करणारा बाप ‘पुढच्या वेळीं पाहूं’ म्हणतो. मुलाचें बालपण तोंवर थांबत नाहीं. ज्या ठिकाणीं सर्व थरांतलीं मुलें एकाच कठड्याला टेकून उभीं राहत, तीं ठिकाणें एकेक करून महाग झालीं तर या शहरांतल्या मुलांना एकमेकांचीं तोंडें पाहण्याला जागा उरणार नाहीं. म्हणून ज्यांना परवडतें त्यांनींहि अशा जागीं जात राहावें. तेथें पाणी आहे कीं नाहीं, बांकें शाबूत आहेत कीं नाहींत, याची तक्रार करणारा वर्ग तेथें येईनासा झाला म्हणजे बाग ओसाड पडावयास वेळ लागत नाहीं.

मलबार टेकडीवर अजून मोकळीक आहे. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखालीं शहराला पाणी पुरविणारा मोठा जलाशय आहे; ‘तूं आतां पाण्यावर उभा आहेस’ असें सांगितलें कीं मूल पाय आपटून पाहतें. समोरच्या कमला नेहरू पार्कांत म्हातारीचा बूट आहे. हा पार्क १९५२ चा. बुटांत राहणारी बहुप्रसवा म्हातारी ही इंग्रजी बालगीतांतली. पण एका खोलींत दहा माणसें झोंपलेलीं पाहणाऱ्या मुंबईच्या मुलाला तिचें नवल वाटण्याचें कारण नाहीं.

आणि चौपाटी. गिरगांवच्या या वाळूंत १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांवर अग्निसंस्कार झाले. तेथें त्यांचा पुतळा आहे. त्याला नमस्कार करून मुलाला वाळूंत सोडावें. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करणाऱ्या मराठी मुलाला येथें काय करावयाचें तें शिकवावें लागत नाहीं. तट, बुरूज, खंदक, सारें उभें राहतें. शेजारचें अनोळखी मूल आधीं दुरून पाहतें, मग विचारल्यावांचून पाणी आणून देतें, आणि दहा मिनिटांत दोघांत किल्लेदारीवरून भांडण जुंपतें. पाणी स्वच्छ नसल्यामुळें पोहूं मात्र देऊं नये. अंधार पडूं लागला कीं ओली भेळ, एक भिरभिरें, आणि मरीन ड्राइव्हवर एकामागून एक लागत जाणारे दिवे. मुठींतलें नाणें जपून ठेवलेल्या मुलाची हीच वेळ. त्यानें तें भिरभिऱ्यावर उडविलें आणि भिरभिरें घरीं पोंचण्याआधींच मोडलें, तर दुसरें घेऊन देऊं नये. समजूतहि फार घालूं नये.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं नौदलाची एक वेगवान नौका घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर आदळली आणि प्रवाशांचे प्राण गेले. पोरांनीं हट्ट केला किंवा उकाडा झाला तरी जीवरक्षक जाकीट अंगांतून काढूं देऊं नये, आणि लाँच भरगच्च दिसली तर दुसरीची वाट पाहावी. दुसरी गोष्ट गर्दींत चुकण्याची. पूर्वींच्या आया मुलाच्या खिशांत पत्त्याची चिठ्ठी घालून वर टांका मारीत. आतां त्या चिठ्ठीवर दूरध्वनीचा क्रमांकहि लिहावा. मोठ्यांच्या हातांतील यंत्रांत सगळ्यांचे क्रमांक असतात, मुलाच्या डोक्यांत मात्र एकहि नसतो. जेथें जावें तेथें पोंचतांच एक खूण ठरवावी. राणीच्या बागेंत ती खूण दगडी हत्तीची असावी: चुकलास तर हत्तीजवळ जाऊन उभा राहा, कोणी बोलाविलें तरी हलूं नकोस, आजोबा तेथेंच येतील. आणि आजोबांनीं खरोखरच तेथें यावें, पोलिसचौकी, फाटक आणि तिकिटघर असें हिंडत बसूं नये.

राणीचा बाग आणि त्यांतील संग्रहालय बुधवारीं बंद असतें, घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात. म्हणजे मंगळवारीं लाँचनें जावें, बुधवारीं मुलांना घरीं मामाच्या गॅलरींत खेळूं द्यावें, आणि गुरुवारीं सकाळीं, डबा बांधून, भायखळ्याची बस धरावी.